पुरात न भिजलेलं पान

१

आकाराम पोवारला जाऊन अकरा महिने झाले होते, आणि मंगळवारी सकाळी त्याचे चारही गेम बंद होणार असल्याचं पत्र आलं.

त्याची बायको वर्षाराणी ते पत्र मोबाइलवर घेऊन तडक कसबा बावड्याला गेली. मेहमुदा शिकलगारांच्या दारात उभी राहिली. तिनं चप्पल काढली नाही, पाणी विचारलं तर मान हलवली.

"तुम्ही कागद बघता म्हणं," ती म्हणाली. "ह्यो बघा. आणि खोटा हाय म्हणून लिहून द्या."

"न बघताच?"

"खोटा हाय ते मला ठावं हाय."

"मग माझ्याकडं कशाला आलीस?"

मेहमुदाबाईंनी बत्तीस वर्षं जमिनीचे, घरांचे, वाटणीचे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयात काढली होती. शेवटची अकरा गडहिंग्लजला. निवृत्तीनंतरही लोक संशयाचे कागद घेऊन दारात यायचे. बाई कुणाकडून काही घ्यायच्या नाहीत आणि कुणाशी गोडही बोलायच्या नाहीत.

"मोबाइलवर मी कागद बघत नाही," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे. रंगीत प्रिंट काढून आण. मग बोल."

वर्षाराणी पाय आपटत गेली आणि प्रिंट घेऊन परत आली. मग तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

आकारामनं कोल्हापुरात बसून कॉम्प्युटरवरचे चार गेम केले होते. एकात घिस्सा मारून कुस्ती जिंकायची, एकात गडहिंग्लजच्या घाटातून एस्टी चालवायची, एकात काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, गूळ जळू न देता रस आटवायचा, एकात जोतिबाचा डोंगर चढायचा. आधी ते सीडीवर विकले गेले. दोन हजार अठराला आकारामनं ते इंटरनेटवरच्या एका मोठ्या गेमच्या दुकानात ठेवले, आणि लहानपणी सायबर कॅफेत ते खेळलेली पोरं, आता बाप झालेली, जगभरातून परत विकत घ्यायला लागली. आता त्या दुकानानं कळवलं होतं की चारही गेमचे हक्क बंगळूरच्या एका कंपनीकडे गेले आहेत. नव्या मालकाच्या सूचनेवरून शुक्रवारी संध्याकाळी पाचला ते काढून टाकले जातील. कंपनीला जुने गेम चालवायचेच नव्हते. फक्त नावं घेऊन मोबाइलवर पैजा लावायचा खेळ काढायचा होता.

"कुस्तीच्या गेममधी मधेमधे जो वरडतो ना, तो आवाज ह्यांचा हाय," वर्षाराणी म्हणाली. "माणूस गेला. आता आवाजबी काढाय लागलेत."

मेहमुदाबाईंनी प्रिंट खिडकीशी धरली. दोन पानी करार. तारीख जून दोन हजार बारा. पहिल्या पानावर लिहिलं होतं की आकाराम पोवार आपल्या गेमचे सर्व हक्क सीडी विक्रेते केरबा चौगुले यांना कायमचे देत आहे. खाली यादी होती: एक, डोंगरवाट. दोन, घिस्सा. तीन, लाल डबा. चार, काहील. दुसऱ्या पानावर दोन ओळी आणि दोन सह्या. याच कागदाच्या जोरावर केरबानं गेल्या महिन्यात हक्क कंपनीला विकले होते.

"सही सलग, न अडखळता केलेली आहे. ही तुझ्या नवऱ्याचीच आहे," बाई म्हणाल्या.

वर्षाराणीचा चेहरा लाल झाला. "तुम्हालाबी केरबानं गाठलं व्हय?"

"तोंड सांभाळ आणि इकडं बघ." बाईंनी दुसऱ्या पानाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं तीन बोटं उंचीचा पिवळसर, नागमोडी डाग होता. "हे काय?"

"पाणी. पुराचं. एकोणीस साली केरबाच्या दुकानात कमरेएवढं पाणी हुतं."

"मग पहिलं पान बघ. डाग आहे?"

वर्षाराणी वाकली. पहिलं पान कोरं करकरीत होतं.

"आता टाचणीची भोकं मोज. दुसऱ्या पानाला चार, पहिल्याला दोन. दुसरं पान दोनदा टाचलंय, पहिलं एकदाच." बाईंनी चष्मा काढला. "कुणीतरी पुरानंतर खरं पहिलं पान काढलं आणि हे नवं लावलं. कुणी, ते मला अजून माहीत नाही."

२

केरबाचं दुकान शुक्रवार पेठेत. पूर्वी तिथं छतापर्यंत सीड्या होत्या, आता मोबाइलची कव्हरं लोंबत होती.

"काय पावणं, कव्हर का ग्लास?" साठी ओलांडलेल्या केरबानं मेहमुदाबाईंना विचारलं. मग त्यांच्यामागं वर्षाराणी दिसली आणि त्याचा सूर बदलला. "हिला कशाला आणलंय? कागद कंपनीला दिलाय. काय बोलायचं त्ये कंपनीशी बोला."

"कागदाबद्दलच विचारायचंय," बाई म्हणाल्या. "तो तयार कुणी केला?"

"मी. टायपिंगवाल्याकडनं मीच करून आणलाता. आकारामनं नुसती सही ठोकली."

"गेमची नावं तुम्हीच सांगितली?"

"मग काय टायपिंगवाला सांगणार? बाई, ह्या हातानं सीड्या विकल्यात. घिस्सा पयला आला, गणपतीत. मग लाल डबा. मग काहील. डोंगरवाट शेवटचा, अकरा साली. झोपेतनं उठवून इचारा."

बाईंनी वहीत चारही नावं त्याच क्रमानं लिहून घेतली.

वर्षाराणीला राहवलं नाही. "माझ्या नवऱ्यानं तुला नुसतं सीडी विकायला दिलं हुतं, केरबा! हक्क कधी दिला?"

"तुझ्या नवऱ्यानं मला काय दिलं सांगू?" केरबा काउंटरवर हात आदळून उठला. "सात वर्षं गल्लोगल्ली ह्येचे गेम मी पोचवले. मग एक दिवस त्यानं सगळं इंटरनेटवर चढवलं. मला एका शब्दानं सांगितलं न्हाय. पोरं दुकानात येऊन मला दावायची, अण्णा, ह्यो बघा घरबसल्या मिळतोय. माझ्या तोंडावर!"

"पहिलं पान पुरात भिजलं कसं नाही?" मेहमुदाबाईंनी मधेच विचारलं.

केरबाचा काउंटरवरचा हात तिथंच थांबला.

"दुसरं भिजलंय," बाई म्हणाल्या. "एका टाचणीतली दोन पानं. एक पुरात होतं आणि एक कुठं होतं?"

"निघा," केरबा म्हणाला. आवाज खाली आला होता. "निघा म्हणतोय न्हवं!"

त्या पायरी उतरल्या तेव्हा त्यानं शटर अर्धं ओढलं, आणि आतूनच ओरडला, "भाईर काय हुडकतीस वर्षे? आकारामच्याच माणसानं आकारामला बुडवलंय!"

शटर खाली आलं. वर्षाराणी रस्त्यात तशीच उभी होती.

"भावजी," ती म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

३

आकारामचा धाकटा भाऊ धैर्यशील राजारामपुरीत कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा. इंटरनेटवरच्या दुकानातलं आकारामचं खातं, त्याच्या मागं, तोच बघत होता. बुधवारी दुपारी पोरं गेल्यावर त्यानं दोघींना आत घेतलं, पण बसा म्हणाला नाही.

"वहिनी आता माझ्यावर आलीया व्हय?" तो म्हणाला. "बरं. मार्चमधी कंपनीचा पयला फोन मलाच आलता. मी म्हणालो विकून टाका. हिनं मला घराबाहेर काढलं. लपवून ठेवलंय का काय?"

"तूच केरबाला हाताशी धरलंस," वर्षाराणी म्हणाली.

"केरबाच्या नावानं खोटा कागद करून मला काय मिळणार? करायचाच तर माझ्या नावानं केला असता की! डोकं हाय का न्हाय?"

मेहमुदाबाईंना हे पटण्यासारखं वाटलं, पण त्या तसं बोलल्या नाहीत. "गेमची नावं सांग," त्या म्हणाल्या.

"वहिनीला इचारा."

"तिलाही विचारणार आहे. आधी तू."

धैर्यशीलनं मोबाइल काढला आणि दुकानाचं पान बघून वाचलं. "काहील, घिस्सा, डोंगरवाट, लाल डबा." तिथं नावं अकारविल्हे लावलेली होती. वर्षाराणीनं आपल्या आठवणीनं सांगितली. लग्नाच्या आधी घिस्सा आलेला, मग लाल डबा, मग काहील, आणि डोंगरवाट एकदम शेवटी. केरबानं सांगितलेलाच क्रम.

बाईंनी दोन्ही याद्या लिहिल्या आणि मग म्हणाल्या, "आता चारही गेम सुरू करून दाखव. मला खेळायचं नाही. माणसं चालताना बघायचीत."

धैर्यशील कुरकुरत मशीनसमोर बसला. घिस्सामधले पैलवान मुठी आवळत, मांड्या थोपटत फिरत होते. लाल डबामधला कंडक्टर तिकीट फाडून प्रवाशाकडं मान वळवायचा. काहीलमधली बाई रस ढवळता ढवळता पदरानं कपाळ पुसायची, आणि वाफ तिच्या चेहऱ्यावरून सरकत जायची. मग डोंगरवाट सुरू झाला. तिथला गडी बांबूसारखे ताठ पाय टाकत पायऱ्या चढत होता. त्याला बोटं नव्हती. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके होते.

बाई बराच वेळ त्या गड्याकडं बघत राहिल्या. नव्यानं सही शिकलेली माणसं त्यांनी हजारोंनी बघितली होती. दहाव्या दस्तावरची सही पहिल्यापेक्षा सुटी असते. उलटं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"शेवटच्या गेमची चित्रं सगळ्यात कच्ची कशी?" त्यांनी विचारलं.

"मला काय म्हाईत. चित्रं झिशान काढायचा."

"झिशान कोण?"

दीर आणि भावजय, आतापर्यंत एकमेकांच्या अंगावर जाणारी, आता एकमेकांकडं बघायला लागली.

"चित्रं काढायला ठेवला हुता ह्यांनी," शेवटी वर्षाराणी म्हणाली.

"ठेवला होता म्हणजे? पगारावर?"

"तसं न्हवं. सोबत असायचा."

"किती वर्षं?"

"सगळीच," धैर्यशील म्हणाला, आणि वहिनीनं त्याच्याकडं रोखून बघितलं.

बाई उठल्या. मशीनच्या मागच्या भिंतीवर आकारामच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स कापून चिकटवला होता. हार घातलेला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "कोल्हापूरच्या मातीतल्या गेमचे एकमेव निर्माते". अगदी तळाशी, कोपऱ्यात, छापणाऱ्याचं बारीक नाव होतं. बाईंनी चष्मा लावून वाचलं.

झिशान डिजिटल, उद्यमनगर.

"हा छापायला कुणी दिला?"

"मी," धैर्यशील म्हणाला. "जवळ पडतंय म्हणून."

"आणि 'एकमेव' हा शब्द कुणी घालायला सांगितला?"

धैर्यशीलनं वहिनीकडं बोट केलं.

४

गुरुवारी मेहमुदाबाई एकट्याच उद्यमनगरला गेल्या. झिशान बागवानच्या दुकानात मशीनमधून कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हळूहळू बाहेर येत होता. झिशान पंचेचाळिशीचा, हातांना शाईचे डाग.

"बोला खाला," तो म्हणाला. "वाढदिवस का श्रद्धांजली?"

"आकाराम पोवार."

"त्याचा झालाय छापून." त्यानं पाठ वळवली.

"त्याचे गेम उद्या बंद होणार आहेत. माहीत आहे?"

"हुईनात. माझं काय जातंय?"

"चित्रं तुझी आहेत."

"कोण म्हणतंय?" झिशान हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "दुकानाच्या पानावर बघा की. निर्माता, आकाराम पोवार. खाली आणि कोण दिसतंय का? अठरा साली पान चढलं तवा मी त्याला फोन केलता. म्हणालो, माझं नाव ऱ्हायलंय. म्हणतो, तिथं एकाच नावाची जागा हाय. मी बघितलं की, दहा-दहा नावं असल्याले गेम हायत तिथं. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो न्हाय. तो मेला तवाबी न्हाय."

"भेटायलाही गेला नाहीस?"

"तुम्ही कोण इचारणार?"

"मी म्हातारी बाई आहे, मला सगळं लिहून घ्यावं लागतं." बाईंनी वही उघडली. "गेमची नावं सांग तेवढी. मग जाते."

"आख्ख्या गावाला म्हाईत हायत."

"तुझ्या तोंडून सांग."

फ्लेक्सची कड वाकडी येत होती. ती सरळ करताना झिशान वर न बघताच म्हणाला, "डोंगरवाट, घिस्सा, लाल डबा, काहील. झालं?"

बाईंचं पेन थांबलं नाही. "डोंगरवाट शेवटचा ना रे?"

"बाजारात शेवटचा. केला पयला, चार साली. मॉनिटरबी उसना हुता आमचा. त्या मशीनवर डोंगर वर सरकतच न्हवता. दोन पायऱ्या चढला की गडी अडकायचा. आकाराम म्हणाला ठिवून दे, बघू मागनं. सात वर्षं पडून हुता." पहिल्यांदाच त्याचा आवाज निवळला होता. "त्या गड्याचे पाय मला नीट जमलेच न्हायत. नंतर बदलूया म्हणालो तर आकारामनं बदलू दिलं न्हाय."

"हे आणि कुणाला माहीत आहे?"

"कुणाला असणार? खोलीत आमी दोघंच. त्याचं लगीनबी झालं न्हवतं."

बाईंनी वही मिटली. झिशाननं मान वर केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग हळूच मशीनचं बटण बंद केलं. पुढाऱ्याचा चेहरा अर्धाच छापून राहिला.

"उद्या अकराला केरबाच्या दुकानात ये," बाई म्हणाल्या. "आला नाहीस तर पोलिस घेऊन मी इथं येते."

५

झिशान आला. अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरला आणि दाराशीच हाताची घडी घालून उभा राहिला. आत केरबा, धैर्यशील आणि वर्षाराणी एकमेकांकडं न बघता बसले होते. मेहमुदाबाईंनी काउंटरवर प्रिंट पसरली.

"पहिलं पान पुरानंतरचं आहे, हे पाण्यानं आणि टाचणीनं सांगितलं," त्या म्हणाल्या. "ते कुणी लिहिलं, हे यादी सांगते. केरबाअण्णा, तुम्ही म्हणता नावं तुम्ही सांगितली. तुम्ही घिस्सापासून सुरू करता, कारण तुमच्या दुकानात तो पहिला आला. वर्षाही तसंच सांगते. धैर्यशील दुकानाच्या पानावरून वाचतो, त्याची यादी काहीलपासून. आणि कागदावर पहिला कोण आहे?"

त्यांनी यादीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"डोंगरवाट. जो बाजारात सगळ्यात शेवटी आला तो. असं कोण लिहील? ज्याच्या हातून तो पहिला झाला, तोच. त्याला वेगळा विचारसुद्धा करावा लागणार नाही. चित्रं बघा, चारांत तीच सगळ्यात कच्ची आहेत. तो गेम पहिला केला, हे दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक हे पान टाइप व्हायच्या आधीच मेला."

"कशावरनं?" धैर्यशीलनं विचारलं. "दादानंच केलं असलं तर?"

"कंपनीनं तुला फोन केला मार्चमध्ये, तुझा दादा गेल्यावर. वर्षानं नाही म्हटलं. तिनं हो म्हटलं असतं तर हा कागद कुणाला लागलाच नसता. म्हणजे हे त्या नकारानंतरचं काम आहे."

केरबाला एवढं पुरलं. त्यानं झिशानकडं हात केला. "ह्यो आलता माझ्याकडं! कंपनी गेम मागतीया त्ये बाजारात ऐकून. म्हणाला, जुनं दुसरं पान हाय न्हवं, सहीचं? पयलं मी करून देतो. कंपनीला पत्रबी ह्यानंच लिहिलं. मी म्हणालो तुझा वाटा किती? एक रुपाया नको म्हणाला. मला तवाच कळाय पायजे हुतं."

"रुपाया नको, तर काय पाहिजे होतं?" बाईंनी झिशानला विचारलं.

झिशाननं वर्षाराणीकडं बघितलं. "हिला इचारा. हिनं दीराला माझ्याच दुकानात पाठवला. चिठ्ठीवर मजकूर लिहून. मी ती अक्षरं माझ्या हातानं टाइप केली. एकमेव निर्माते. तीनदा वाचून बघितलं, चूक नको म्हणून. मग माझ्याच मशीनवर छापून, गुंडाळी करून दिली."

"काउंटरवर पोरगं हुतं, नाव वाचलं न्हाय. मला ठावं न्हवतं तुझं दुकान हाय त्ये," धैर्यशील पुटपुटला.

"तुला न्हवतं. हिला हुतं."

वर्षाराणी उठली. "व्हय, हुतं! जवळ पडतंय असं सांगून मीच त्याला त्या दुकानात धाडलं. दोन महिने माझा नवरा दवाखान्यात पडून हुता. रोज दाराकडं बघायचा. तू आलास? वाचायला पायजे हुतं तुला, तो कोण हुता त्ये."

"बोलावलं कुणी मला?"

"मरणाऱ्या माणसाकडं जायला बोलावणं लागतंय व्हय रं?"

"आणि चौदा वर्षं सोबत बसल्याल्या माणसाचं नाव लिहायला काय लागतंय?" झिशान ओरडला. "माझा गडी डोंगर चढतोय, माझी बाई घाम पुसतीया, आणि जग म्हणतंय, वा आकाराम! लोकांनी गेमखाली लिवल्यालं वाचलंस कधी? चित्रं काळजाला हात घालतात म्हणून लिवत्यात. त्याचं नाव घिऊन लिवत्यात. तसं दिसण्यापरास मग दिसूच नगंत. न्हाईत तर न्हाईत, कुणालाच न्हाईत!"

वर्षाराणीनं हाताला लागलेलं कव्हरांचं खोकं त्याच्यावर फेकलं. धैर्यशीलनं तिला मागं ओढलं. घड्याळात बारा वाजायला आले होते.

६

"पाच तास आहेत," मेहमुदाबाई म्हणाल्या. "धैर्यशील, इंटरनेटवरच्या दुकानाचं उत्तर वाच."

धैर्यशीलनं कालच त्यांच्या सांगण्यावरून दुकानाला विचारलं होतं. त्यानं मोबाइल काढला. कागद खोटा असल्याची तक्रार असेल तर कोर्टाचा आदेश आणा, तोवर गेम काढले जातील, असं त्यांनी कळवलं होतं. त्याला वर्षं लागली असती. पण खाली आणखी एक ओळ होती. करारावर सही नसलेला दुसरा कुणी निर्माता असेल, आणि त्यानं मुदतीच्या आत हरकत घेतली, तर निकाल लागेपर्यंत गेम जागचे हलवले जाणार नाहीत. त्यासाठी पहिल्या निर्मात्याच्या वारसानं तो निर्माता असल्याचं लिहून द्यायला हवं.

वर्षाराणीला हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती म्हणाली, "न्हाय."

"मग पाचला गेम जातील," बाई म्हणाल्या.

"ह्यानं खोटा कागद केला, आणि मी ह्यालाच मालक म्हणून लिहून देऊ?"

"मालक म्हणू नको. खरं काय ते लिही. चित्रं कुणी काढली?"

वर्षाराणीनं तोंड फिरवलं. ती शटरखालून बाहेर गेली. समोरच्या रसवंतीच्या बाकड्यावर पाठ करून बसली. दोन वाजले, तीन वाजायला आले. धैर्यशील एकदा जाऊन आला, तिनं त्याला हाकलून लावलं. मेहमुदाबाई जागच्या उठल्या नाहीत. सव्वातीनला वर्षाराणी आत आली आणि कुणाकडंही न बघता हात पुढं केला. "पेन."

तिनं लिहिलं आणि कागद काउंटरवर भिरकावला. बाईंनी तो वाचून झिशानपुढं सरकवला.

"सही करायच्या आधी एक ऐक," त्या म्हणाल्या. "या सहीनं तुझं नाव लागेल. आणि याच सहीनं सिद्ध होईल की डोंगरवाट पहिला केला हे माहीत असणारा माणूस जिवंत आहे आणि तो तूच आहेस. दुकानाचं उत्तर आलं की केरबाचा कागद आणि हा, दोन्ही मी पोलिसात देणार."

"बाई!" केरबा हात जोडून पुढं आला. "गेम वाचले की, मिटवूया आता. माझं वय बघा!"

"बघितलं."

"आणि मी सही न्हाय केली तर?" झिशाननं विचारलं.

"तर केरबाअण्णा पोलिसांपुढं शब्द फिरवतील. मग माझ्याकडं एक पाण्याचा डाग आणि एका म्हातारीनं लिहिलेल्या याद्या उरतील. कदाचित तू सुटशीलही."

झिशान कागद वाचत राहिला. "चित्रं झिशान बागवान यांनी काढली, असं लिहिलंय," तो म्हणाला. "मी नुसती चित्रं न्हाय काढली. काहीलमधी रस कवा उतू जायचा त्ये मी ठरवलंय. लाल डब्याचा घाट माझा हाय. दोघांनी केले म्हणून लिही."

"एवढं दिलंय त्ये बघ की!"

"तसं न्हाय लिहिणार तर ऱ्हाऊ दे."

वर्षाराणीनं कागद हिसकावून घेतला. एक ओळ खोडली आणि वर लिहिलं, निर्माते आकाराम पोवार आणि झिशान बागवान. पेन कागदातून आरपार गेलं. "त्यांचं नाव आधी," ती म्हणाली.

"आधीच असू दे," झिशान म्हणाला, आणि त्यानं सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

धैर्यशीलनं कागदाचा फोटो पाठवला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाच वाजायला आठ मिनिटं असताना उत्तर आलं. हरकत मिळाली, गेम काढणं थांबवलं आहे. धैर्यशीलनं ते मोठ्यानं वाचलं. मेहमुदाबाईंनी सगळे कागद पिशवीत घातले आणि रिक्षा बघायला बाहेर गेल्या.

शनिवारी सकाळी पोलिस ठाण्यात केरबाचा जबाब झाला, मग झिशानचा. वर्षाराणी फिर्यादी म्हणून समोरच्या बाकावर बसली होती. हवालदार बोलत बोलत लिहून घेत होता.

"झिशान बागवान, वय पंचेचाळीस, धंदा फ्लेक्स छपाई."

"त्ये खोडा," झिशान म्हणाला. "गेम करतो म्हणून लिहा."

"कसले गेम?" हवालदारानं पेन खाली ठेवलं. "फिर्यादी तर म्हणत्यात गेम त्यांच्या मालकांचे हायत. काय ओ बाई, खरं काय?"

वर्षाराणीनं झिशानकडं बघितलं नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. मांडीवरच्या पिशवीचे बंद तिनं मुठीत पिळून धरले होते.

"लिहा," ती म्हणाली. "अर्धे ह्यानंच केल्यात."